डावं पान, उजवं पान: घरी राहणाऱ्या एका आईचं प्रकरण

वय ३४. मोठी मुलगी चार वर्षांची व्हायला आलेली, धाकटा सोळा महिन्यांचा. लग्नाआधीपासून त्या हिशेब तपासणीचं काम करत होत्या. मुलगी झाली, रजा संपली, वाढवून घेतली, तीही संपली आणि नोकरी सुटली. तेव्हापासून त्या पूर्णवेळ घरी आहेत. नवरा सकाळी कामावर जातो, संध्याकाळी उशिरा येतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी इथे दिलेले नाहीत.

त्या आल्या ते रागाची तक्रार घेऊन. "मुलीवर ओरडते. मग रात्री ती झोपली की तिच्या पायाशी बसून रडते. सकाळी पुन्हा तेच." दिवसभरात दमून जायच्या, पण कशाने दमलो हे सांगता यायचं नाही. संध्याकाळी मागे वळून पाहावं तर केलेलं काम कुठे दिसतच नसे. आवरलेलं पुन्हा विस्कटलेलं, धुतलेलं पुन्हा मळलेलं.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय करायला आवडतं?"

"तिला पाण्यात खेळायला फार आवडतं," त्या पटकन म्हणाल्या. "आणि धाकट्याला डबे उघडबंद करायला."

मी थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. ओशाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. जिचं सगळं चित्त काही वर्षं दोन लहान जिवांच्या भुकेकडे, झोपेकडे, पडण्याझडण्याकडे लागलेलं आहे, तिच्या ओठांवर आधी त्यांचीच आवड येणार. पण ते उत्तर मी जपून ठेवलं. मुलांकडे लागलेलं हे लक्ष म्हणजे त्यांचं हरवलेपण आहे, असं सगळे धरून चालले होते, त्याही. माझं मत पुढे वेगळं झालं, आणि हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण तेच आहे.

आधी शरीर

स्वतःचा शोध वगैरे बोलण्यापूर्वी नैराश्य तर नाही ना, हे पाहावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार बाळंतपणानंतर जगभरात साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतो. विकसनशील देशांत हेच प्रमाण जवळपास २० टक्के आहे. अशा बाईला 'एखादा छंद जोपासा' म्हणून घरी पाठवणं म्हणजे तिला एकटं सोडणं. या आईंकडून एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची, ३० गुणांची प्रश्नावली बाळंतपणानंतरच्या काळासाठी आहे. धाकटा वर्षाच्या पुढे गेलेला असल्यामुळे जोडीला पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावलीही घेतली. दोन्हींत गुण मधल्या पट्ट्यात आले, काळजी करण्याइतके चढले नाहीत. दोन्हींचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो मी बेरजेत मिसळू देत नाही, वेगळा पाहते आणि तोंडीही विचारते. उत्तर दोन्हीकडे 'नाही' होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, लोह बरंच कमी निघालं. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते, तेव्हा थकवा, धडधड, चिडचिड हे सगळं 'मुलं लहान आहेत, चालायचंच' या एका वाक्याखाली दडपलं जातं. लोहाच्या कमतरतेचंही तसंच होतं. या घरात धाकट्याच्या प्रत्येक लसीची तारीख भिंतीवर लिहिलेली होती, आईच्या रक्ताची तपासणी मात्र बाळंतपणानंतर झालीच नव्हती.

झोपेबद्दलही बोलावं लागलं. जर्मनीतल्या हजारो पालकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर सहा वर्षांपर्यंत आईवडिलांची झोप आधीच्या पातळीवर परत येत नाही, असं त्यात दिसलं. सुरुवातीच्या महिन्यांत आईची झोप वडिलांपेक्षा बरीच जास्त मोडते. म्हणून पहिला बदल अगदी साधा केला: आठवड्यातल्या दोन रात्री धाकटा रडला की नवऱ्याने उठायचं, आणि आईने दुसऱ्या खोलीत झोपायचं. दुसरी खोली महत्त्वाची. त्याच खोलीत असलेली आई मूल हुंकारलं तरी जागी होते.

"माझं डोकंच चालत नाही हल्ली," असं त्या वारंवार म्हणत. त्यांना मी २०१६ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एल्सेलिन होकझेमा आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आई झालेल्या २५ स्त्रियांच्या मेंदूची गर्भारपणाआधीची आणि नंतरची छायाचित्रं ताडून पाहिली. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांत करड्या द्रव्याचं आकारमान घटलेलं होतं, आणि हा बदल किमान दोन वर्षं टिकला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र घट दिसली नाही. किशोरवयातही मेंदूत अशी काटछाट होते, आणि तिला आपण वाढ म्हणतो. डॅना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तर १९७३ सालीच आई होण्याला किशोरवयासारखाच एक स्वतंत्र संक्रमणकाळ मानलं होतं. या आईंना त्यातली एकच गोष्ट मनापासून भावली. "म्हणजे मी बिघडले नाहीये," त्या म्हणाल्या. "मी बदलतेय."

दिवसाचा हिशेब

कामांची यादी करायला मी त्यांना सांगितलं नाही. अशी यादी प्रत्येक आईला पाठ असते आणि ती वाचून कुणालाच काही कळत नाही. मी विचारलं, जागेपणी तुम्हाला सलग किती वेळ मिळतो? कुणीही हाक न मारता, कुणाकडेही कान न ठेवता. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. त्या दिवशीचा सर्वांत मोठा सलग तुकडा ११ मिनिटांचा निघाला, आणि तोही धाकटा झोपलेला आणि मुलगी चित्र काढत असताना.

इथे त्यांच्या थकव्याचा उलगडा व्हायला सुरुवात झाली. एका कामातून दुसऱ्यात गेल्यावर मनाचा काही भाग आधीच्या अर्धवट कामात अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं होतं. त्यांचा अभ्यास कार्यालयातल्या कामाबद्दल होता. घरात दोन लहान मुलं असताना दर काही मिनिटांनी हे घडतं, आणि दिवस संपेपर्यंत मनात अर्धवट राहिलेल्या कामांचा नुसता ढीग साठतो.

दुसरी गोष्ट न दिसणाऱ्या कामाची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ सालच्या अहवालात जगातल्या बिनपगारी सांभाळाच्या आणि घरकामाच्या तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रियांचे आहेत. तास निदान मोजता तरी येतात. त्या तासांच्या मागे डोक्यात चालणारं काम मोजणं अवघड. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून २०१९ साली त्याचे चार टप्पे मांडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरल्याप्रमाणे झालं का ते पाहत राहणं. ठरवण्याच्या टप्प्यात नवरे बऱ्यापैकी सहभागी असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यात चालतो, आणि नेमके तेच कुणाला दिसत नाहीत.

आम्ही मुलीच्या बुटांचं उदाहरण घेतलं. बूट घट्ट होणार हे पाय बघून आईने ओळखलं, कुठले घ्यायचे ते तिनेच शोधलं, दोघांनी मिळून ठरवलं, नवऱ्याने पैसे दिले, आणि टाच घासतेय का हे पुढचे पंधरा दिवस आई बघत राहिली. नवऱ्याच्या लेखी 'बूट आपण दोघांनी घेतले'. तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिसलेला भाग दोघांनी मिळूनच केला होता.

रविवारचे दोन तास

नवरा समजूतदार आहे. बायको कोमेजतेय हे त्याला दिसत होतं. माझ्याकडे येण्याआधीच त्याने उपाय काढला होता. "दर रविवारी दोन तास तू बाहेर जा. मी बघतो दोघांना. तुला हवं ते कर."

त्या गेल्या. बाकावर बसल्या. फोनमध्ये मुलांचेच फोटो पाहिले, धाकट्याच्या पुरळाबद्दल काहीबाही वाचलं, आणि वेळेआधीच घरी परतल्या. घरात पसारा, दोघं मुलं किरकिरी, त्या दिवशीची झोपेची वेळ टळलेली. "दोन तासांची सुट्टी आणि तीन तासांची भरपाई," त्यांचे शब्द. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. रिकामे दोन तास मिळाले आणि त्यात काय करायचं ते आपल्याला कळलं नाही, म्हणजे आपल्यात आता काही उरलेलंच नाही, असा त्यांनी अर्थ लावला.

मला हा अर्थ मान्य नव्हता. 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला असं गृहीत धरतो की आत एक तयार बाई बसलेली आहे, तिला फक्त दार उघडून द्यायचं आहे. अनेकींच्या बाबतीत तसं नसतं. जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली माणसाच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतली एक अशी की माणूस शोध न घेताच एखादी ओळख पत्करतो, आणि ती चालूनही जाते. या आईंनी गणितात चांगले गुण होते म्हणून हिशेबाची वाट धरली होती. घरच्यांना आवडली, त्यांना जमली. ती आपल्याला आवडते का, हे पाहण्याची वेळच कधी आली नव्हती. मुलं झाल्यावर ती ओळख गळून पडली, आणि प्रथमच रिकामी जागा दिसली. ती जागा मुलांनी खाल्ली असं त्यांना वाटत होतं. खरं तर ती आधीपासून होती आणि कामाखाली झाकलेली होती.

वही

भावना लिहा, हे मी सांगणार नव्हते. तो प्रयोग त्यांनी आधीच करून पाहिला होता. काही पानांवर फक्त 'दमले' एवढंच लिहिलेलं होतं. पण भेटीत त्या एखादा प्रसंग सांगू लागल्या की मला नवल वाटायचं. किती वाजले होते, आधी कोण बोललं, नेमके शब्द कोणते, हातात काय होतं, सगळं क्रमाने. वर्षानुवर्षं पावत्या आणि नोंदी ताडून पाहणाऱ्या बाईची ती नजर होती.

म्हणून वहीची आखणी अशी ठरली. डाव्या पानावर मुलांनी केलेलं आणि बोललेलं, जसंच्या तसं. विशेषण चालणार नाही. 'हट्टीपणा केला' नाही, 'गोड दिसत होती' नाही. उजव्या पानावर त्याच क्षणी आपल्या आत काय झालं, एका ओळीत. रोज लिहायलाच हवं असं बंधन नाही.

पहिल्या काही दिवसांतली एक नोंद:

डावीकडे: "मुलगी म्हणाली, 'मी एकटीने करलं.' मी म्हटलं, 'केलं.' ती म्हणाली, 'हो, करलं.'"

उजवीकडे: "कामात होते म्हणून सोडून दिलं. मग दिवसभर तेच आठवत राहिलं."

पुढच्या भेटीत त्या वेगळ्याच आवाजात बोलत होत्या. "हा शब्द तिने कुणाकडूनही ऐकलेला नाही. घरात कुणी 'करलं' म्हणत नाही. तिने भरलं, धरलं, सरलं यांवरून तो बनवलाय. म्हणजे तिला नियम सापडलाय, आणि मी चूक दुरुस्त केली तरी ती नियम सोडत नाहीये." मी त्यांना जीन बर्को यांच्या १९५८ सालच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' म्हटलं, मग तसे दोन दाखवून आता काय म्हणाल असं विचारलं. आयुष्यात कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केलं. मुलं शब्द नुसते घोकत नाहीत, नियम घडवतात, याचा तो पुरावा होता. तोच पुरावा या आईंनी घरकामाच्या गडबडीत स्वतःच्या वहीत पकडला होता.

धाकट्याची नोंद अशी: "चमचा टाकला. उजव्या हाताने, खुर्चीच्या कडेवरून. उचलून दिला. डाव्या हाताने टाकला. उचलून दिला. वळून पाठीमागे टाकला. दर वेळी आधी माझ्याकडे पाहतो, मग खाली." उजव्या पानावर: "तिसऱ्यांदा राग आला. चौथ्यांदा, आता कुठून टाकेल असं वाटलं."

माझ्या दृष्टीने हे प्रकरण त्या चौथ्या वेळेला वळलं. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मूल एकच कृती मुद्दाम थोडी थोडी बदलून परिणाम पाहतं, असं झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांवरून लिहिलं आहे. त्या निरीक्षणांत त्यांच्या पत्नी व्हॅलेंटाइन शातने यांचाही वाटा होता. बालमानसशास्त्राचा सुरुवातीचा काळ पाहिला तर तो बराचसा अशाच घरगुती वह्यांवर उभा आहे. चार्ल्स डार्विन यांनी थोरल्या मुलाच्या जुन्या टिपणांवरून १८७७ साली लेख प्रसिद्ध केला. क्लारा आणि विल्यम श्टेर्न या जर्मन दांपत्याने १९०० पासून १९१८ पर्यंत आपल्या तीन मुलांच्या रोजनिश्या ठेवल्या. त्यांतल्या बहुतेक नोंदी क्लाराबाईंच्या हातच्या आहेत, आणि त्यांतूनच मुलांच्या भाषेवरचं दोघांच्या नावावरचं पुस्तक १९०७ साली निघालं. अमेरिकेत मिलिसंट शिन यांनी आपल्या भाचीच्या बारीकसारीक नोंदी केल्या. त्या कामावर १८९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. तिथे ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे घरच्या जबाबदाऱ्यांपायी त्यांचं संशोधन थांबलं.

शिनबाईंची हकीगत ऐकून या आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पदवी मिळाली तरी शेवटी घरच." मी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. ते खरं होतं, आणि या कामाला वरवरची उमेद चालत नाही.

उजव्या पानांवर

डाव्या पानांनी त्यांना कुतूहल परत दिलं. उजव्या पानांनी रागाचा माग दिला. आणि हा माग त्यांनी स्वतःच काढला, अगदी हिशेबनीसाच्या पद्धतीने: राग आल्याची प्रत्येक नोंद वेगळी काढली आणि त्या वेळी हातात काय होतं ते शेजारी लिहिलं. त्यांना वाटायचं, राग आवाजाने येतो, पसाऱ्याने येतो. तसं निघालं नाही. मुलं ओरडत असतानाच्या कितीतरी नोंदी शांत होत्या. राग बहुतेक वेळा तेव्हा आला होता जेव्हा एखादं काम संपत आलं होतं आणि शेवटच्या टप्प्यावर मोडलं होतं. शेवटच्या दोन घड्या राहिलेल्या असताना, निरोपाचं शेवटचं वाक्य लिहीत असताना.

"मला नोकरी आठवत नाही," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांच्यासाठीही नवं होतं. "मला बेरीज जुळल्यावर खाली मारायची रेघ आठवते."

गेली तीन वर्षं ज्या नोकरीसाठी त्या झुरत होत्या ती त्यांना नको होती. हवा होता तो शेवट, काम पुरं झाल्याचा. लहान मुलांच्या संगोपनात नेमका तोच नसतो. हे कळल्यावर उपायही नेमका सापडला. दिवसात एक तरी काम असं ठेवायचं जे पुरं होईल, आणि ते अशा वेळी करायचं जेव्हा दुसरं कुणीतरी मुलांपाशी असेल. राग नाहीसा झाला नाही. पण तो येताना दिसू लागला, आणि येताना दिसणारा राग मुलीपर्यंत पोहोचण्याआधी थांबवता येतो.

दुसरा शोध त्यांना अपराधी वाटायला लावणारा होता. लुटुपुटुच्या खेळाचा त्यांना मनापासून कंटाळा येतो. मुलगी म्हणते, "तू बाळ हो, मी आई," आणि पाच मिनिटांत त्यांचा जीव गुदमरतो. याउलट बिया वेगळ्या करणं, ठोकळ्यांचे मनोरे, मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते बघत बसणं यांत दोघी तासभर रमतात. चांगली आई सगळे खेळ खेळते, असं त्यांनी कुठेतरी धरून ठेवलं होतं. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली, तिचा गाभा इथे उपयोगी पडला: सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, आणि मूल निराशा सोसायला शिकतं तसतसं ते जुळवून घेणं कमी करत जाते. चार वर्षांच्या मुलीला "मला हा खेळ नाही आवडत, बाबा आले की त्यांच्याशी खेळ, आपण मुंग्या बघू या" हे ऐकवता येतं. ऐकवलं. मुलगी पहिल्यांदा रुसली, मग बाहुलीला बाळ केलं.

तिसरी नोंद जुन्या जखमेजवळ गेली. एका संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मेलीचं कोण ऐकतंय या घरात!" उजव्या पानावर फक्त एवढंच: "हे आईचं वाक्य." लहानपणी हे वाक्य ऐकलं की त्या आतल्या खोलीत जाऊन बसत. सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखाचा मुद्दा इथे लागू पडतो: ज्या आईवडिलांना स्वतःच्या बालपणीचं दुःख आठवतं, नुसती घटना नव्हे तर त्या वेळी जाणवलेली वेदनाही, ते आपल्या मुलांवर ते दुःख सहसा पुन्हा लादत नाहीत. त्यांनी आपल्या आईला फोन केला आणि तक्रार न करता विचारलं, "आम्ही लहान होतो तेव्हा तुला काय करावंसं वाटायचं?" पलीकडून आधी हसणं आलं. मग त्यांच्या आईने सांगितलं की तिला पुढे शिकायचं होतं, आणि हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या फोननंतरची भेट सगळी त्यांच्या आईबद्दल बोलण्यात गेली.

नवऱ्याची बाजू

दोघांना एकत्र बसवलं तेव्हा तो दुखावलेला होता. "मी कधी नाही म्हणतो का? तू सांग ना काय करायचं, मी करतो."

"अरे, पण सांगणं हेच तर काम आहे," त्या म्हणाल्या.

इथे डेमिंजर यांचे चार टप्पे पुन्हा कामी आले. कामं अर्धी अर्धी वाटायची नाहीत, आख्खी द्यायची असं ठरलं. मुलांचे कपडे-बूट आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या, या दोन गोष्टी ओळखण्यापासून पाहत राहण्यापर्यंत त्याच्या. तिने आठवण करायची नाही.

हे सोपं गेलं नाही. थंडी सुरू झाली तेव्हा मुलीचे लांब बाह्यांचे कपडे तोकडे झालेले होते आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. आईंना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गप्प राहणं त्यांना फार जड गेलं. मुलीचे हाल करून नवऱ्याला धडा द्यायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणून मुलगी जुनंच अंगावर आणखी एक चढवून राहिली, आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं. त्याने कपाट उपसलं, मापं घेतली, आणि रात्री बायकोला म्हणाला, "हे तू दर मोसमाला करतेस?" त्या प्रश्नाने त्यांच्यात जे बदललं ते माझ्या कुठल्याही सत्राने बदललं नसतं.

रविवारचे दोन तासही बदलले. आठवड्यातून एकदाच मिळणारी रिकामी पोकळी काढून टाकली. त्याऐवजी आठवड्यातले तीन दिवस, सकाळी नवरा निघण्याआधीचा ठरलेला तासभर त्यांचा झाला. सुरुवातीचे बरेच दिवस त्या त्या वेळात झोपल्या. झोपू दिलं. लोह भरून आलं, झोप जरा सावरली, तेव्हा वही त्या तासात आली, आणि मुलांच्या भाषाविकासावरचं वाचन त्यामागोमाग.

आज

राग आठवड्यातून एखाद्या वेळी येतो आणि बहुधा शब्दांपर्यंत पोहोचत नाही. पोहोचला तर त्या मुलीची माफी मागतात, मोकळेपणाने, कारणं न देता. धाकट्याला सुळे येत होते तेव्हा वही कित्येक आठवडे बंद होती, आणि तेव्हा त्यांना पुन्हा वाटलं की सगळं गेलं. गेलं नव्हतं. मुलगी आता 'केलं' म्हणते. नोंदीत शेवटचं 'करलं' कधीचं आहे ते त्यांना सांगता येतं.

भाषा आणि वाचा यांच्या विकासाचं रीतसर शिक्षण घ्यावं, असं त्यांच्या मनात आहे. कदाचित घेतील, कदाचित वाचन पुरेसं वाटेल. मी त्यांना घाई करू देत नाहीये. पहिली ओळख शोध न घेता पत्करली होती. या वेळी शोधाला हवा तेवढा अवधी मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

वहीतलं काहीही, एकही ओळ किंवा फोटो, समाजमाध्यमांवर टाकायचं नाही हा निर्णय त्यांचा. नोंदी मुलांच्या आहेत आणि मुलं अजून परवानगी देण्याच्या वयाची नाहीत, एवढंच कारण त्यांनी दिलं.

हे सगळं जमलं ते या घरात नवरा ऐकणारा होता, छप्पर आणि जेवणाची चिंता नव्हती, मारहाण नव्हती म्हणून. एकटीने मुलं वाढवणाऱ्या किंवा धाकात जगणाऱ्या बाईसमोर हीच वही ठेवणं निर्दयपणाचं होईल. तिथे आधी सुरक्षितता आणि माणसांचा आधार उभा करावा लागतो.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या आईंच्या नावावर गेल्या चार वर्षांत काहीही जमा झालेलं नाही. नोकरीच्या काळातली बचत पहिल्या बाळंतपणात संपली. शिक्षणाचा खर्च मागायचा तर नवऱ्याकडे मागायचा, आणि तो देईलही. पण मागून मिळालेल्या पैशावर उभं राहिलेलं स्वत्व किती टिकेल याची मला शंका आहे. घरातल्या बचतीचा ठरलेला भाग दर महिन्याला त्यांच्या नावे जावा, मदत म्हणून नाही तर त्यांच्या कामाचा वाटा म्हणून, असं मी सुचवलं आहे. यावर नवरा अजून काही बोललेला नाही. पुढची भेट याच विषयासाठी ठरली आहे. दोघांनी यायचं आहे, आणि त्या वेळात मुलांना कोण सांभाळेल याची व्यवस्था या वेळी त्याने करायची आहे.